साईज छत्तीस

डिसेंबर ते मार्च मी माणसं पायांकडून वाचतो.
दुकान लिफ्टच्या पायथ्याशी,
आत ओल्या लोकरीचा, तापल्या प्लास्टिकचा वास.
तेल अवीवचे, वॉर्साचे, अल्माटीचे पाय
माझ्या गुडघ्यावर येऊन टेकतात.
मी बकलं आवळतो, विचारतो : बोटं हलतात का?
सगळ्या भाषांत बोटं हलतात.

वर उश्बा, दोन शिंगांची.
एक दाखवते, एक ढगात ठेवते.
पाहुणे आधी तिचा फोटो काढतात,
मग मेस्तियाच्या बुरुजांचा,
मग कुब्दारीचा, वाफ निघतेय तोवर.
सूड चुकवायला ज्या बुरुजांत कुटुंबं शिरून बसायची
त्यातल्या एकात आता
वाइन गरम करून मिळते.

काल पावणेदहाला, गर्दी ऐन भरात,
मक्वाला आली. आमच्याच गल्लीतली. एक्काहत्तरची.
काळा रुमाल, रबरी बूट, काखेत गाठोडं.
वाटलं, चीज विकायला आली.
म्हणाली, बूट दे.
कुणासाठी?
माझे पाय मी कुणाला उसने दिलेत का?

रबरी बुटांतून पाय निघाले
तसं आत कोंबलेलं वाळकं गवतही निघालं,
ऊब धरायची जुनी रीत.
मापपट्टीवर टाच टेकली : छत्तीस.
मुलांच्या फळीवरून काढावे लागले,
गुलाबी, घोट्यापाशी चांदण्या.
गिगो काउंटरमागे हसला.
मीही हसलो असतो, पण नडगीवर
विळ्याची खूण होती,
लांब, पांढरी, पात्यासारखी.

पावती फाडू नकोस, ती म्हणाली,
उतार माझाच आहे.

खोटं नव्हतं.
नकाशावर तांबडी रेघ, क्रमांक तीन.
त्याआधी ते नवेरियानींचं गवताचं रान.

खुर्चीत शेजारी बसलो. खाली पन्नास फूट हवा,
तिच्यात लोंबकळणारे दोन गुलाबी बूट.
ती बोटाने दाखवत गेली :
तो निळ्या जाकिटाचा आत्ता पडला ना, तिथे झरा.
त्या जाळीच्या खांबाशी आम्ही जेवायला बसायचो.
इथून आमची गाय घसरली, वाचली,
पण पुढे दोन वर्षं उतारच बघेना.
इथे...

खुर्ची एका खांबावरून खडखडत गेली.

इथे काही नाही, म्हणाली. इथे ऊन चांगलं यायचं.

वर पोचल्यावर स्की लावल्याच नाहीत तिने.
कडेला, जिथे यंत्राने दाबलेला बर्फ संपतो
आणि नुसता बर्फ सुरू होतो,
तिथे ओणवी झाली, हात घातला.
मनगट. कोपर. रुमाल सरकला तरी थांबली नाही.
हेल्मेटवाला एक पोरगा विचारून गेला,
आजी, काही हरवलं का?
हात बाहेर आला लालबुंद, रिकामा.
अजून खोल आहे, म्हणाली,
आणि असं म्हणाली, जसं दुसऱ्या खोलीत
कुणी गाढ झोपलंय.

गाठोड्यात भाकरी होती, लसणाचं मीठ होतं.
अर्धी लिफ्टवाल्याला दिली.
त्याने थंडीत हातमोजे काढून खाल्ली.

खाली येताना एवढंच :
या बुटांत चालता येत नाही रे.
चालायला नसतात ते, मक्वाला.
मग लोक यांत घरी कसे जातात?
इथेच काढून ठेवतात. परत देतात.
हं, म्हणाली. बराच वेळ.

आज सकाळी वॉर्साच्या एका मुलीला
छत्तीसच लागले. चांदण्या बघून खूश.
दोन पावलं टाकली आणि तोंड वाकडं केलं.
आत काहीतरी टोचतंय.
बूट उलटा केला, झटकला.
लाकडी फरशीवर
एक काडी पडली, वाळकी, बोटभर.
मुलीची आई म्हणाली, शी, कचरा.
मी उचलून खिशात टाकली,
पुन्हा वाकलो, बकलं लावली.

आता? बोटं हलतात?

हलतात, म्हणाली.