वायसर

डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होते,
की एकाहत्तराव्या वर्षी, आतडं, गाठ, पिशवी, हृदयाला झेपेल का.
द्वारकाआक्कानं टेबलावर बोट वाजवलं.
"पोट मन्हं शे. माले सांगा."

मग तीन आठवडे नुसती तयारी.
धुळ्याहून दिलेल्या नळीत श्वास ओढायचा,
तीन गोळ्या वर चढवायच्या.
तिसरी हलेचना.
"मेली माहेरपणाला आल्यासारखी बसलीय," म्हणाली,
खोकली, आणि पुन्हा ओढला.

ऑपरेशन साडेपाच तास.
डेपोत चौतीस वर्षं मी इंजिनं उघडली,
त्या दिवशी हाताला काम नव्हतं.
तिचा चष्मा पुसत राहिलो.

तिसऱ्या रात्री ती तिथं नव्हती.
सलाइनची नळी ओढत होती,
म्हणत होती, छताला कापूस फुटलाय, वेचायला कुणी नाही.
सिस्टर म्हणाल्या, या वयात होतं असं,
ओळखीचं काहीतरी द्या.
कवळी दिली. चष्मा लावला. कानात मशीन बसवलं.
तिनं मला नीट पाहिलं आणि हाक मारली, "दादा"
(आमचे वडील जाऊन छत्तीस वर्षं झाली)
"दादा, भाऊ जास शाळाले. मी बी जाऊ?"

शाळेत गेलेला भाऊ तो मी.
घसा खाकरला,
वडिलांचा आवाज जमेल तेवढा काढला,
म्हणालो, "जाय."
ती झोपली.

सकाळी विचारलं, रात्री काही बोलले का मी?
नाही, म्हणालो.

आता अमळनेरला, मागच्या खोलीत.
पिशवी बदलायला सून पुढं आली, आक्का नको म्हणाली.
मलाही नको म्हणाली,
दोन दिवस भिंतीकडे तोंड करून.
शेवटी कात्री घेऊन बसलो तिच्यासमोर:
हे वायसर आहे आक्का, माप चुकलं की गळतं.
पहिलंच छिद्र मोठं कापलं.
चादर, गादी, माझा सदरा.
पोटाला उशी दाबून ती हसली, टाके दुखेपर्यंत.
"एश्टी अश्याच दुरुस्त करे का तू?"

शेजारी पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजताहेत.
तिला अजून महिनाभर भरीत नाही.
काल अंगणात नऊ पावलं झाली, आज अकरा,
बाराव्याला कठडा धरून थांबली,
धाप आवरली, मागं वळली,
"तू जेवना का?"