अडीच फूट

ठेसनाच्या पाटीवरची पहिली तीन अक्षरं
गंजाने खाल्ली.
उरलंय नुसतं ‘खेडे’,
आणि खाली, जशीच्या तशी,
समुद्रसपाटीपासूनची उंची.
गावाला नाव नाही राहिलं,
पण आपण किती वर आहोत
ते अजून पक्कं ठाऊक.

लहान गाडी बंद झाली, मग रूळ उचलले.
सगळेच काही सरकारजमा झाले नाहीत.
सुपडू तडवीच्या गोठ्याला सागाच्या स्लीपरचा उंबरा,
खिळ्यांच्या भोकांत म्हशीचं शेण बसलेलं.
पिठाच्या गिरणीचे पत्रे रुळांनीच तोललेत.
शाळेची घंटा म्हणजे हातभर रूळ,
कडुनिंबाला तारेने टांगलेला;
भारंबे गुरुजी त्यावर जुना बोल्ट हाणतात
आणि पोरं सुटतात
हिरवी झेंडी दिसल्यासारखी.

त्या रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं आहेत,
कुठल्याशा कारखान्याचं नाव, एक साल.
तिसरीत असताना मी ती बोटांनी वाचली होती,
डोळे मिटून, चार बोरांची पैज लावून.
साल आलं.
नाव वाचेस्तोवर बोट पोळलं.

माझा बाप, लोटू तायडे, गँगमन.
चौतीस वर्षं स्लीपरवरून चालला.
स्लीपर असतात असे की
एका पावलाला जवळ पडतात, दोघांना लांब.
म्हणून तो धड चालत नाही, धड पळत नाही.
अजूनही शनिवारच्या बाजारात तसाच येतो,
भरताची वांगी धोतराच्या सोग्यात,
दर पावलामागे अर्धं पाऊल गिळत.
पानवाला हसतो,
“लोटूभो, मागून गाडी येऊन राहिली का?”
बाप खरंच वळून बघतो.

त्याची गेजपट्टी घरातच राहिली.
हापिसाने मागितली नाही, याने दिली नाही.
बिबडे वाळत घातले की आई ती
कापडाच्या कडेवर ठेवायची, वाऱ्यासाठी.
त्याच पट्टीने बापाने मोरीचं दार मोजलं,
माझी खाट मोजली,
दोन भावांतली भिंत मोजली तेव्हा मात्र
कुणी काही बोललं नाही.
“अडीच फुटात माणूस मावतो,” म्हणतो,
“उभा बी, आडवा बी.”

मागल्या महिन्यात मोठ्या लाइनीचे सर्व्हेवाले आले.
तिपाई, छत्री, पाण्याचा जार.
त्यांच्या नकाशात एक फाटा होता,
केसरीमल शेठच्या जिनिंगपर्यंत
रुईच्या गाठी आणायला गेलेला,
माझ्या जन्माआधीच उखडलेला.
आता तिथं मक्याचं वावर.
वावरवाला म्हणाला, इथं कधी काही नव्हतंच.
शपथ घ्यायलाही तयार होता.

बाप काही बोलला नाही.
चपला बांधावर काढल्या आणि मक्यात शिरला.

मका डोक्याच्या वर. पहिल्यांदा तो दिसेनासाच झाला.
मग एका जागी कमरेपासून वर उगवला,
टोपी, खांदे, लोंबते हात.
तिथला मका खुजा होता, पिवळा होता,
एक अरुंद पट्टा, पार विहिरीपर्यंत.
खाली खडी आहे. मुळं धरत नाहीत.
पट्टा डावीकडे वळला तसा बाप वळला,
पायाखाली न बघता,
अर्धं पाऊल गिळत,
अर्धं पाऊल गिळत.
विहिरीजवळ थांबला. तिथं गाडी थांबत असणार.

परत आला तेव्हा हातापायांवर
मक्याच्या पात्यांचे चरे होते.
चष्मेवाल्या पोराने वहीत काही लिहिलं.
मी वाकून वाचलं: ‘जुनी खूण. अस्पष्ट.’

“अस्पष्ट म्हंजे काय वं?” बापाने विचारलं.

मी त्याच्या चपला सरळ करून
पुढे ठेवल्या.