फक्त खूण केलेली

सोमवारी आणि गुरुवारी रात्री, ओटा पुसून झाला की
मी संगणक चालू करते.
तो वेळ घेतो. बाबाही घेतात, खुर्चीतून उठताना.
खाली पंतनगरच्या गल्लीत कुणी शटर ओढतं,
वायर लावली की पडद्यावर बाबांचा प्लेअर उगवतो,
मीच ठेवलेल्या नावाने : शेठ.

दोन जीबी. त्यातली थोडी जागा त्याची त्यालाच लागते,
आपल्या खोलीत कपाटाला लागते तशी.
संगणकात तीन हजार एकशे बारा गाणी,
प्रत्येकासमोर एक इवला चौकोन.
खूण केली की जाणार.
खूण काढली की नुसतं राहणार नाही,
आधी गेलेलं असेल तर तिकडूनही पुसलं जाणार.
हे मला फार उशिरा कळलं.

चार तास मशीन रक्त काढतं, गाळतं, परत देतं.
चार तास म्हणजे पन्नासेक गाणी,
संथ घेतली तर चाळीस.
बाबांचे नियम : सुई आत असताना विरह नको.
आणि पाणी नको.
डॉक्टरांनी दिवसाचं एक लिटर बांधून दिलंय,
तेव्हा नदी नको, घागर नको, पाणवठा नको, श्रावण तर नकोच.
बघा करून.
मराठी गाण्यांतून घागर काढली तर
हाताला काय लागतं ते.

दिवाळीत मावसभावाने त्याचा जुना लॅपटॉप दिला.
त्याने पहिल्याच रात्री विचारलं :
हे उपकरण दुसऱ्या संगणकाशी जोडलेलं आहे,
पुसून नव्याने भरायचं का?
मी अर्धवट झोपेत हो म्हटलं.
नव्या यादीत एकही खूण नव्हती.

बाबांना कळलं ते सेंटरवर, दोन्ही सुया टोचून झाल्यावर.
मी दिवसभर विम्याच्या काउंटरवर
लोकांच्या वारसांची नावं चुकीची लिहिली.
संध्याकाळी ते आले, चहाचा अर्धा कप मोजून घेतला आणि म्हणाले,
"इअरफोन तसेच घालून बसलो. काढणार कोण, एक हात बांधलेला.
सहा नंबरच्या बाईंनी विचारलं, काय लावलंय?
म्हटलं, काही नाही.
म्हणाल्या, मग मलाही द्या एक."

वायर तिथवर पुरली नाही.
मग त्या म्हणाल्या, तुम्हीच सांगा काय ऐकू येतंय.
बाबांनी सांगितलं : सिस्टरच्या डाव्या चपलेचा पट्टा सुटलाय,
तीन नंबरचं मशीन शिट्टी मारण्याच्या बेतात आहे.
एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन,
मुक्या तारेला कान लावून बसायची सवय.

रविवारी त्यांनी सात फूट वायर जोडली,
रंगाला रंग, वर काळी टेप.
डावा कान बाबांचा, उजवा झवेरबेन गालांचा.
त्यांची यादी औषधाच्या बिलामागे, गुजरातीत,
मला वाचता येईना, वाण्याने वाचून दाखवली :
स्तवनं, तीन गरबे,
आणि एक गाणं, ज्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत
विहिरीवर पाणीच भरतात.
"बाबा, तुमचा नियम?"
"त्यांच्या कानात जाईल ते."
"दोन्ही कानांत तेच वाजतं."
"तू मला शिकवू नकोस."

फाल्गुनात झवेरबेनना नणंदेची किडनी मिळाली.
सहा नंबरवर आता एक मुलगा असतो,
तो मोबाइलवर क्रिकेट बघतो आणि घोरतो.

काल जागा कमी पडली.
मी एकोणीस चौकोन रिकामे करायला घेतले,
विहिरीवर आले तेव्हा बाबा मागे उभे होते,
हातात जोडवायरचं भेंडोळं.

"ते राहू दे," म्हणाले.
मग आत जाता जाता, शेजारणीची बढती सांगावी तसं,
"दिवसाला तीन लिटर पितात आता. फोन आला होता."