विसळण

निमाणीच्या स्टँडबाहेर, पेठची गाडी लागते तिथे
दगूमामा पाणी विकतो.
दोन रुपये ग्लास. गाडी सुटत असेल
तर आधी पाणी, पैसे परतताना.

मे महिना. डांबर चप्पल धरून ठेवतं.
स्टीलच्या पिंपाला ओलं गोणपाट,
गोणपाटावर मोगऱ्याचा सुकलेला गजरा,
कुणी ठेवला, त्यालाही ठाऊक नाही.

मी महापालिकेच्या प्रयोगशाळेतली.
पिशवीत छोट्या बाटल्या, प्रत्येकीत औषधाची एक पट्टी.
पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, वाट बघायची.
दोन दिवसांत काळं झालं
तर त्या पाण्यात कुणाचं तरी पोट आहे.
हे वाक्य अहवालात चालत नाही.

मामाची बाटली शुक्रवारी काळी झाली.
तव्याखालच्या काजळीसारखी.
सात वर्षं मी त्याच्याकडे पाणी प्यायले.
मागचा हिशेब मांडायला बसले,
आणि उठले.

तो रागावला नाही, तेच अवघड.
"ताई, जार शीलबंद येतो, सकाळी सहाला.
बर्फ मी टाकत नाय, बर्फाचं मला म्हायती ए.
माझी नात हेच पाणी पिती."
मग जरा थांबून,
"का माझ्या हातातच हाय काही?"
आणि दोन्ही हात पुढे केले,
जणू मी ज्योतिष बघते.

मग शोधलं दोघांनी मिळून.
एक बाटली जारची.
एक तोटीची.
एक ग्लासातली.
चौथी मी निघता निघता भरली,
स्टुलाखालच्या बादलीतून.
रंगाची रिकामी बादली, कडेला पिस्ता रंगाचा ओघळ.
सकाळपासून प्रत्येक ग्लास
तिच्यात एकदा बुडून वर येतो.

जार निर्मळ. तोटी निर्मळ.
ग्लास काळा.
बादलीची बाटली तर दुसऱ्या सकाळीच,
माझा चहा व्हायच्या आत.

कोण कोण होतं त्या बादलीत:
हरसूलची लेकुरवाळी,
कांद्याच्या ट्रकवरचा पोरगा,
गंगेवर दहावा उरकून आलेले दोन मुंडण केलेले भाऊ
(रामकुंडाचं पाणी ओंजळीत घेताना
त्यांनी काही विचारलं नव्हतं),
आणि मी.
नाव-गाव न विचारता
एकमेकांचं उष्टं पीत होतो.

मी म्हटलं, सोपं आहे मामा.
ग्लास बंद करा.
वरून ओता, लोक ओंजळीनं पितील.

तो गोणपाट पिळत राहिला. पिळून झालं तरी.
मग म्हणाला,
"माझ्या आज्याला असंच पाजायचे गावात.
वरनं. लांबून.
म्हणून तर मी ग्लास ठेवले."

पेठची गाडी भोंगा वाजवत होती.
माझ्याकडे छापील पत्रक होतं,
पाच सूचना, खाली शिक्का.
ते मी पर्समधून बाहेर काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा बादली नव्हती.
दुसरं पिंप होतं, छोटं, तोटीचं,
साबणाचा तुकडा मोज्यात घालून टांगलेला.
वाहत्या धारेखाली एकेक ग्लास
तो घासत होता, हळू,
आणि धुतलेलं पाणी खाली डांबरावर
पडायच्या आधीच वाळल्यासारखं.

पाटीवर दोनचे तीन झाले होते.
शर्टाच्या खिशात दोन पेनं लावलेला एक माणूस
हुज्जत घालत होता:
पाणी तेच, ग्लास तोच,
तिसरा रुपया कशाचा?

मामाने ग्लास उन्हाकडे धरला,
आरपार बघितलं,
त्याच्या हातात दिला.
"विसळणीचा," म्हणाला.
"ओठ लावून प्या."