मिठाचा खडा

क्षीरसागर काकू जिन्यातच गाठतात,
काय काय पाहिलंत मग, एवढ्या लांब जाऊन?
मी म्हणते, एक विहीर, एक गुहा, एक मिठाचा डोंगर.
एवढंच?
त्या दिवशी एवढंच झालं, काकू.
"बरं," म्हणतात, दुधाची पिशवी घेऊन वर जातात.
पाताळेश्वर त्यांनी अजून आतून पाहिलेलं नाही.

दिमोनाहून पहाटे सहाची बस.
यरूशामावशीच्या मांडीवर डबा,
बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं, पोळ्या
अजूनही रास्ता पेठेतल्याच, जाड, कडेला करपलेल्या.
मराठीही तशीच, चौसष्ट साली बांधून नेलेली,
घडी न मोडलेली.
आगगाडी म्हणते, वाणसौदा म्हणते,
आणि वाळवंटाकडे बघत विचारते,
नळाला पाणी येतं का गं दोन्ही वेळ?

बैर-शेबाला विहीर. तिकीट काढून.
अब्राहामाने सात कोकरी देऊन साक्ष ठेवली
की ही मीच खणली.
मला आमच्या सोसायटीची सभा आठवली,
टँकरचे पैसे कुणी भरले यावरून पेटलेली.
तिथे कोकरी नव्हती, पावत्या होत्या.
कठड्यावरून वाकून पाहिलं,
खाली अंधार आणि कुणी कुणी टाकलेली नाणी.
पाणी दिसलं नाही.
मावशी म्हणाली, वाकू नकोस, चष्मा पडेल.

एन-गेदीत दावीद लपला ती गुहा नेमकी कुठली
हे गाइडलाच ठाऊक नव्हतं.
बोट एकदा या कपारीकडे, एकदा त्या.
सिंहगडाच्या सहलीत घारपुरे बाई
कडा दाखवताना असंच करायच्या.
एक रानबकरा मात्र नेमक्या जागी उभा होता,
शिंगं पार पाठीपर्यंत वळलेली,
नजर आमच्या डब्यावर.

दुपारी सदोम.
डोंगर आपला साधा, मळकट,
हात लावून बोट चाटलं की मग कळतं.
वर एक सुळका, बाई म्हणावी तर बाई.
लोक फोटो काढत होते.
गाइडने गोष्ट सांगितली : मागे पाहू नकोस, सांगितलं होतं,
लोटाच्या बायकोने पाहिलं.
माना डोलल्या. माझीही डोलली,
देवळामागच्या खोलीत लहानपणी
आम्हाला हेच तर घोकून घेतलं होतं.

मावशी छत्री टेकून उभी.
मग मराठीत, चांगली मोठ्याने,
म्हणजे फक्त मलाच कळेल अशी, म्हणाली,
"खाल्ल्या मिठाला जागली गं ती."

बसचं इंजिन चालूच होतं.
मी विचारलं, तू पाहिलं होतंस मागे?
"विमानात मधली सीट माझी. खिडकीशी दादा.
आणि मुंबईहून उडाल्यावर पुणं कुठे दिसायला?"
अर्धा तास काहीच नाही.
मृत समुद्र संपून गेल्यावर म्हणाली,
"पुणे स्टेशनात पाहिलं होतं. आबाजीकाका हात हलवत होता.
मग घड्याळ बघायला लागला."

सुखरूप परतले म्हणून आज मलीदा केला,
पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर केळी-खजूर.
एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं.
मलीद्यात मीठ नसतं.
तिकडच्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला खडा
ओट्यावर नुसता बसून राहिला, पाहुण्यासारखा.
शुक्रवारी पोळीला लावू म्हणून स्टीलच्या वाटीत ठेवला.
रात्री पाहिलं तर
वाटीत पाणी सुटलेलं, बोटभर.

तेवढ्यात फोन वाजला. मावशीचा मेसेज :
पोचलीस ना? नळाला पाणी आहे?
खाली गेटपाशी टँकर मागे घेताना
ड्रायव्हर कुणाला तरी ओरडत होता.
मी लिहिलं, हो.
दोन्ही वेळ.