नोंद एकशे बारा

विश्रामबागेत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर,
टोस्टच्या वासात
मी दिवसभर कप्पे पाडतेय :
नवीन. हातात घेतलं. तपासणीत. बंद.

आत्तापर्यंत चुका राहायच्या
अस्लम शिकलगारच्या डोक्यात,
केदारच्या एक्सेलमध्ये, जी केदारच फक्त उघडायचा,
आणि धनपाल खोतांच्या आवाजी निरोपांत.
ते रात्री साडेदहाला यायचे, मागे मालिका चालू,
त्यामुळे आपलं काय बिघडलंय
आणि तिकडे कोणाचं लग्न मोडलंय
हे दोनदा ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

हळदीच्या सौद्याचं सॉफ्टवेअर आमचं.
पोतं, वजन, भाव, पट्टी.
एका पोत्यामागे किती माणसं उभी असतात
ते परवानग्यांच्या पानावर आल्यावर दिसलं :
कोणी बघायचं, कोणी लिहायचं,
कोणी पुसायचं.
'पुसायचं'समोर मी कोणालाच खूण केली नाही.
मलासुद्धा.

प्राधान्यापाशी अडले.
यंत्रानं दिलेले पाचही शब्द एकाच तापाचे,
तातडीचं, अतितातडीचं, त्याहून तातडीचं.
अस्लम म्हणाला, आयर्विन पुलावरचे आकडे घाल.
तो गंमत करत होता. कोणी हसलं नाही.
घातले.
तीस फूट : बघू.
चाळीस : सामान माळ्यावर.
पंचेचाळीस : झोपलेल्यांना उठवा.
पुण्याहून कोणी नवीन आलं तर विचारेल, हे काय.
सांगू. एखादा ऑगस्ट काढला इथं की
सांगायचीही गरज उरणार नाही.

चौगुले सरांना एक सक्तीचा रकाना हवा होता :
चूक कोणाची.
मी केला.
मग त्याची सक्ती काढली.
मग फॉर्मवरून लपवला.
आहे तो. मागितला तर दाखवता येईल.

एक्सेल आत ओढली तेव्हा केदार उपाध्येही आला.
तो मार्चमध्येच गेला; निरोपाला आम्ही भडंग आणलं होतं,
त्यातले शेंगदाणे त्यानं निवडून खाल्ले.
त्याच्या नावावर एकतीस नोंदी, सगळ्या उघड्या.
'काढून टाका' दाबलं तर यंत्र विचारतं,
याचं लिहिलेलं
अनामिक वापरकर्त्याच्या नावे ठेवू का?
मी वाचत बसले.
नोंद एकशे बारा. 'वजन पूर्णांकात नेताना घोळ होतोय.
माझंच चुकलंय. उद्या बघतो.'
तारीख मागच्या दिवाळीतली.
असं कुणी अनामिक लिहीत नाही.
त्याला निष्क्रिय केलं, नाव राहू दिलं.
अकरा नोंदी मी घेतल्या,
उरलेल्या अस्लमला न विचारता अस्लमकडे.

एकच नियम मी हट्टानं घातला :
दुरुस्त करणाऱ्यानं बंद करायचं नाही.
ज्याचं दुखत होतं त्यानं म्हणावं, थांबलं.
अस्लम म्हणाला, मग काहीच बंद व्हायचं नाही.

पहिली नोंद मार्केट यार्डातून, सव्वातीनला.
शिदगोंडा आण्णा, तोलाईदार.
त्यांचं खातं उघडायला सकाळी मीच गेले होते,
पासवर्ड त्यांनी काट्याच्या डब्यावर खडूनं लिहून ठेवला.
'काटा बरोबर हाय. तुमचं चुकतंय.
पोत्यामागं दोनशे ग्राम.'
प्राधान्य : पंचेचाळीस फूट.

एकशे बाराच होती ती.
एका ओळीत एक चिन्ह उलटं,
सहा महिने पोत्यापोत्यातून गळत होतं.
पाचला सुलटं केलं. तपासणीत ढकललं.
मग वाट बघितली, चहा गार होईस्तोवर.

'बघितलं. आज बरोबर आलं.
उद्या परत बघतो, मग बंद.'

असा कप्पा माझ्या आराखड्यात नव्हता.
तपासणीच्या पुढं, बंदच्या अलीकडं,
मी एक नवा जोडला.
नाव सुचेना.
खाली भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला.
नाव न देताच जतन करून बघितलं.
यंत्र म्हणालं,
रिकामं चालत नाही.