पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते.
हे शाळेत नव्हतं.
माझ्या माहेरी डोंगर; समुद्र फक्त भूगोलाच्या पेपरात.
सासूनं शिकवलं, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी,
सुपात तांदूळ पाखडता पाखडता:
चौथ असली तर तीन, आठम असली तर सहा,
"आन बीज आसली तं दीर."
मी घाबरून विचारलं, दिराचं काय?
ती इतकी हसली की सूप सांडलं.
दीर म्हणजे दीड.
"दीर वाजता खारात कुनी झोपाचा नाय गो."

आज भाद्रपदातली बीज.
दीड वाजायला वीस मिनिटं.
राता पोटरीत आहे, दाणा अजून दुधाचासुद्धा नाही.
बांधाच्या अलीकडे मी, पलीकडे खाडी,
आणि खाडी माझ्या शेतापेक्षा उंच.
माहेरच्या माणसांना हे सांगून पटत नाही.
पाणी वर आणि माणूस खाली, असं कुठं असतं?

नवरा कंपनीत, रात्रपाळीला.
त्याच्या पगारातून बांधाची माती येते.
बांधामागच्या भातातून पगार येत नाही.
हे गणित कुठल्याच तिथीला सुटलेलं नाही.

चपला उघाडीपाशी काढून ठेवायच्या.
ओल डोळ्यांआधी तळव्याला कळते.
बॅटरी खाली धरायची, चिंबोरीचं बीळ शोधायचं:
दोन बोटांचं भोक, सकाळपर्यंत
बैलगाडी जाईल एवढी खांड.
चिंबोरीचा राग येत नाही.
तीही घरच करते,
फक्त तिचं मागचं दार माझ्या शेतात उघडतं.

बांध अकरा घरांचा होता. हल्ली चालतो चौघं.
बाकीचे दलालाच्या फोनची वाट बघतात,
आणि ज्याची वाट बघायची त्याच्यावर माती कोण टाकणार?
हाशुरामची खांड तीन वर्षांपूर्वी गेली.
आता त्याच्या खाचरात तिवरं उभी आहेत, माणसाहून उंच.
तिवरं तोडायची नाहीत. तिवरांत पेरता येत नाही.
सातबाऱ्यावर अजून भात आहे.

मग आवाज आला.
तहानलेलं पोर पेल्याला तोंड लावतं ना, तसा.
मी ओरडले. नुसतंच, "खांड!"
वाऱ्यात अर्धा शब्द गेला असेल.

आला तो हाशुराम.
ज्याला वाचवायला एक काडी भात नाही, तो.
गुरांच्या माचावरचा पेंढा खांद्यावर,
"कवरा हाय?" एवढंच विचारलं
आणि खाडीच्या अंगानं पाण्यात उतरला.
भोक आतून बुजवायचं नसतं.
बाहेर त्याचं तोंड असतं, तिथंच हात घालावा लागतो,
पाणी ओढत असताना, काळोखात, श्वास धरून.
तीनदा बुडी मारली त्यानं.
मी चिखलाचे गोळे देत राहिले,
किती दिले मोजले नाहीत.

पेणच्या बाजारात गेल्या वर्षी एक बाई म्हणाली,
लाल तांदूळ एवढा महाग?
पायली पुढं सरकवत मी गप्प बसले.
दीड वाजल्याचे किती लावू, ताई?

अडीचला पाणी वळलं.
हाशुराम बांधावर बसला, भिजली विडी कानामागं तशीच.
का आलास, हे मी विचारलं नाही.
त्याच्या तिवरांकडं तोंड करून तो म्हणाला,
"पानी लय थंड हाय यंदा."

सकाळी सासू काठी टेकत आली.
खाचरात बोट बुडवलं, जिभेला लावलं,
डोळे मिटून थांबली.
मी आणि शेत, दोघीही थांबलो.
"मचूल हाय," म्हणाली. "खारा नाय. जगंल."
मग हाशुरामच्या घराकडं पाहून,
"त्याला च्या दे."

पुढचं उधाण पुनवेला.
तोवर मध्ये भांग आहे: पाणी अर्ध्यावर येतं, अर्ध्यावरून परततं.
उद्या चौथ, गणपती यायचे, मोदकांचं पीठ दळायचंय,
आणि चौथीची पाऊणपट तीन.
आठमीला केस धुईन,
सरळ भांग पाडीन,
आणि झोपेन.